शर्यतीच्या सकाळी झोपलेला घोडा

१

अंतिम शर्यतीच्या सकाळी बिस्किटनं कुणालाच चावलं नाही, आणि तिथंच काहीतरी बिनसलंय हे सगळ्यांनी ओळखलं.

बिस्किट म्हणजे लॉर्न सॉयरच्या शर्यतीच्या चार घोडी वॅगनचा पुढचा डावा घोडा. अंगानं देखणा, पायांनी वारा आणि दातांनी सैतान. टिंबर बेंडच्या उन्हाळी जत्रेतल्या तबेल्यांत त्याच्या दातांचा प्रसाद न मिळालेला माणूस शोधून सापडला नसता. अपवाद फक्त डेल्फीन कार्डिनलचा. लॉर्नचे घोडे तीच सांभाळायची आणि शर्यतीत त्याच्या वॅगनमागून दौडणारी स्वारही तीच. तिच्यापुढे हा सैतान कोकरू व्हायचा.

त्या सकाळी मात्र तो सगळ्यांपुढेच कोकरू झाला होता. मान खाली, डोळे अर्धे मिटलेले, खालचा ओठ लोंबत असलेला. तबेल्यांचा मुख्य नॉर्मन पेट्री यानं भीतभीत त्याच्या नाकाशी हात नेला, तरी स्वारी ढिम्म.

"गुंगीचं इंजेक्शन दिलंय कुणीतरी," घोड्यांची डॉक्टरीण मानेवरचा रक्ताचा ठिपका दाखवत म्हणाली. "जिवाला काही धोका नाही. दुपारपर्यंत येईल ताळ्यावर. पण औषध रक्तात आहे तोवर शर्यत विसरा."

लॉर्न खाली गवतावरच बसला. आजवर आठ वेळा तो ही शर्यत जिंकला होता. जत्रेच्या सगळ्या इतिहासात आठ वेळा जिंकलेला दुसरा माणूस एकच, म्हातारा गस लिंडक्विस्ट, आणि तो यंदाच्या जत्रेचा मानकरी म्हणून तिथंच, पांढऱ्या मिशा विंचरून उभा होता. रिवाजाप्रमाणे तो शर्यतवाल्यांशी हात मिळवायला भल्या पहाटे तबेल्यात आला होता.

हे सगळं विल्मा बोइचुक दारातून बघत होती. विल्मा म्हणजे जत्रेचा आवाज. धावपट्टीच्या कडेच्या उंच मनोऱ्यात बसून शर्यतींचं धावतं वर्णन करायचं हे तिचं काम. तरुणपणी ती स्वतः पिंपांभोवती घोडा फिरवायच्या शर्यतीत धावलेली, त्यामुळे घोडा आणि माणूस या दोन्ही जनावरांची तिला चांगली पारख. तिचा आवाज कानावर पडल्याशिवाय टिंबर बेंडमध्ये जुलै सुरू होत नाही असं लोक म्हणत, आणि विल्माचंही मत काही वेगळं नव्हतं. शेवटच्या दिवशी न्याहारीच्या पंगतीत प्रार्थना सांगायची, मग मानकऱ्याच्या हॅटमधून शर्यतीच्या जागांची सोडत काढायची, आणि मग मनोरा गाठायचा, हा तिचा ठरलेला क्रम. आत्ता ती आली होती कुठला घोडा कुठं जुंपणार हे विचारायला.

नॉर्मननं तबेल्याची दोन्ही दारं लावून घेतली. घोड्याला सुई टोचली त्या सुमारास आत चौघंच होती. लॉर्न, डेल्फीन, शेजारच्या गाळ्यातला लॉर्नचा प्रतिस्पर्धी कर्टिस व्हॉल्ड, आणि गस. लॉर्नच्या औषधांच्या पेटीचं कुलूप उघडं होतं आणि गुंगीच्या औषधाची बाटली निम्मी झाली होती. पेटीची किल्ली खिळ्याला टांगलेली असायची हे अख्ख्या तबेल्याला ठाऊक होतं.

"सिरिंज इथंच असणार. ती सापडली की माणूस सापडला," नॉर्मन म्हणाला.

गवत उपसलं, पेट्या उपड्या केल्या, खिसे उलटे केले, बूट झटकले. गसचे खिसे त्यानं दहादा माफी मागून वरवर चाचपले. डेल्फीनची पाळी आली तेव्हा मात्र तिचे खिसे, बूट, मोजे सगळं झालं, तरी तो थांबला नाही.

"हॅट काढ," तो म्हणाला.

डेल्फीननं हॅट काढली. "केस सोड." तिनं वेण्या सोडल्या. चार पुरुषांसमोर ती बाई मोकळ्या केसांनी उभी राहिली, आणि एकानंही नजर दुसरीकडे वळवली नाही. सिरिंज काही सापडली नाही.

"सापडली नाही म्हणून तू सुटलीस असं समजू नकोस," नॉर्मन म्हणाला. "हा घोडा परक्याला जवळ येऊ देत नाही. चावला नाही, ओरडला नाही. मग सुई टोचणार कोण? न्याहारी झाली की समिती बसेल. घरच्याच माणसानं हे केलं असं ठरलं तर लॉर्नची वॅगन बाद. आणि तू पुन्हा कुठल्याच तबेल्यात पाऊल टाकायचं नाहीस. जन्मात नाही."

२

"मला विचारायचंय ते आधी विचारून टाक," डेल्फीन म्हणाली. ती बिस्किटच्या गाळ्यात बसून वेण्या घालत होती, आणि त्या वेड्यावाकड्या होत होत्या.

विल्मानं स्वतःची हॅट काढून पेटीवर उताणी ठेवली. हॅट नेहमी उताणीच ठेवायची, नाहीतर नशीब सांडतं, हे टिंबर बेंडमध्ये लेकराला चालण्याआधी शिकवतात. मग तिनं डेल्फीनच्या मागं बसून वेणी स्वतःच्या हातात घेतली.

"पहाटे तू गाळ्यात नव्हतीस तेव्हा कुठं होतीस?"

"नळावर. बादली भरायला. आले तर हा असा. मी नॉर्मनला हाक मारली, मीच. चोर स्वतः बोंब मारतो होय?"

"हुशार असला तर मारतो."

"मग मी हुशार नाही. लिहून घे." डेल्फीननं डोळे पुसले. "विल्मा, माझा बाप घोड्यांमागंच मेला. मला दुसरं काही येत नाही आणि यावं असं वाटतही नाही. उद्या मला तबेल्यात येऊ दिलं नाही तर मी सकाळी उठून करू काय? जाऊ कुठं?"

हे ऐकून विल्माला रागच आला, आणि राग आला की तिचं डोकं फार छान चालायचं. ती उठली, बिस्किटजवळ गेली आणि आयुष्यात प्रथमच त्याचं तोंड न घाबरता हातात धरून बघितलं.

"हे काय गं?"

वरच्या ओठावर, नाकपुड्यांच्या जरा खाली, एक लालसर वळ उठला होता. दोरीचा असावा तसा, पण साध्या दोरीचा नव्हे. त्यात बारीक बारीक तिरके खाचे होते, वेणीचे असतात तसे.

डेल्फीन वाकली. "ओठ आवळलाय कुणीतरी. जुनी युक्ती आहे. फास घालून ओठ पिळला की घोडा जागचा हलत नाही, हूं म्हणत नाही. एका हातात फास धरायचा, दुसरा हात मोकळा. आता कुणी करत नाही तसं. बाबा करायचे." ती थांबली. "काल रात्री हा वळ नव्हता."

"तू कधी याला असं आवळलंयस?"

"मी? मला कशाला लागतंय? हा तर माझ्या हातून दातसुद्धा तपासून घेतो!"

विल्मानं हॅट डोक्यावर चढवली. "बास. तू हे केलेलं नाहीस हे मला पहिल्यापासून वाटत होतं. आता माहीत झालं."

"नॉर्मनला सांगशील?"

"नॉर्मन म्हणेल, ओठ लगामानं कापला असेल. त्याला सिरिंज हवीय. तर मी त्याला सिरिंजच देते," विल्मा म्हणाली. "न्याहारी संपायच्या आत. तू लॉर्नला घेऊन पंगतीकडे ये आणि मान वर करून बस."

इतकं ठासून बोलून ती बाहेर पडली खरी, पण ती सिरिंज कुठं असेल याची तिला काडीचीही कल्पना नव्हती.

३

तबेल्यातून गस आणि कर्टिसला झडतीनंतर थेट न्याहारीच्या मैदानावर नेण्यात आलं होतं. नॉर्मन स्वतः सोबत चालला आणि वाटेत कुणालाही इकडेतिकडे होऊ दिलं नाही. तेव्हा सिरिंज फेकायला त्या दोघांना सवड मिळाली नव्हती, एवढं नक्की. आणि तबेला तर उपसून झाला होता.

मैदान फुलून गेलं होतं. लोखंडी तव्यांवर पॅनकेक फुगत होते, मेपलचा पाक बादल्यांनी येत होता, व्हायोलिनवाले दोघं भाऊ नेहमीसारखे एकमेकांपेक्षा वेगात वाजवत होते. पलीकडे आकाशपाळणा रिकामाच फिरवून बघत होते. पोरांना मेंढ्यांवर बसवून पळवायच्या रिंगणाशी आतापासूनच रांग लागली होती, आणि मेंढ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. इतक्या आनंदाच्या जागी कुणी घोड्याला सुई टोचतं याचा विल्माला मनापासून संताप आला.

तिनं माइक घेतला आणि प्रार्थना सुरू केली. प्रार्थनेला डोळे मिटायचे असतात, पण सांगणाऱ्याला सूट असते, असा विल्माचा सोयीस्कर समज होता. समोर हजारभर हॅट्स उतरून छातीशी गेल्या. नॉर्मनची गेली. गसची गेली. लॉर्न आणि डेल्फीन मागच्या बाकाशी येऊन उभी राहिली होती, त्यांच्याही गेल्या.

कर्टिस व्हॉल्डची हॅट डोक्यावरच होती.

विल्मा प्रार्थनेत अडखळली. कर्टिस उद्धट होता, फुशारक्या मारायचा, पण प्रार्थनेला हॅट न काढण्याइतका वाया गेलेला माणूस टिंबर बेंडमध्ये अजून जन्मायचा होता. शिवाय नॉर्मननं तबेल्यात त्याच्याही हॅटला हात लावला नव्हता. घाईघाईनं 'आमेन' उरकून ती खाली उतरली.

लोक बसले. बाकांवर हॅट्स ठेवल्या गेल्या, ताटं पुढं ओढली गेली. मधल्या टेबलाशी गस दोन आमदारांच्या आणि एका फोटोवाल्याच्या मध्ये अडकला होता. एका हातानं तो पॅनकेक खात होता, दुसरा हात शेजारी पालथ्या घातलेल्या हॅटवर होता. गळ्यात टायसारख्या बांधलेल्या विणलेल्या गोफाची चांदीची बैलमुंडी, जी नेहमी गळपट्टीशी घट्ट बसलेली असे, ती आज छातीपर्यंत घसरली होती. विल्मा जवळून जाताना त्यानं तिला थांबवलं.

"त्या पोरीला फार ताणू नका म्हणावं," तो हळूच म्हणाला. "भली आहे. चुकून झालं असेल काहीतरी."

"चुकून सुई टोचली जाते, गस?"

"मी आपलं सांगितलं."

"तू पहाटे कोणाला गाळ्याजवळ पाहिलंस?"

"कर्टिस घुटमळत होता. पण माझं नाव घेऊ नकोस. मानकऱ्यानं चुगल्या करू नयेत."

विल्मानं मान डोलावली आणि कर्टिसला शोधायला निघाली. तो बाकावर नव्हता. त्याचं ताट अर्धवट टाकलेलं होतं, आणि तो आकाशपाळण्याच्या दिशेनं लांब ढांगा टाकत चालला होता.

४

विल्मानं त्याला पाळण्याच्या तिकीटखिडकीमागं गाठलं.

"हॅट काढ, कर्टिस."

"विल्मा आजी, सकाळी सकाळी माझ्या प्रेमात पडलीस की काय?"

"आजी असेल तुझी घोडी. प्रार्थनेला हॅट का नाही काढलीस?"

कर्टिसच्या चेहऱ्यावरची फुशारकी विरघळली. त्यानं आजूबाजूला पाहिलं. "कुणाला सांगणार नाहीस? माइकवर तर नाहीच नाही?"

"ते मी आत काय आहे ते बघून ठरवीन."

त्यानं हॅट उचलली. आत सिरिंज नव्हती. आत कर्टिसचं डोकं होतं, आणि त्या डोक्याच्या मधोमध, कपाळापासून मानेपर्यंत, वस्तरा फिरवून केलेला एक चकचकीत रस्ता होता. दोन्ही बाजूंना केस जसेच्या तसे.

"काल नाचाच्या तंबूत पैज हरलो," तो रडवेल्या आवाजात म्हणाला. "अंतिम शर्यत होईपर्यंत उरलेले केस काढायचे नाहीत असं ठरलंय. दुपारी जिंकलो तर फोटो काढतील गं! म्हणून इकडे पळून आलो, कुणी हॅट उडवली तर काय घ्या."

विल्मानं ओठ घट्ट मिटून घेतले. हसू आवरायचा तिच्याकडे तेवढा एकच मार्ग होता.

"आणि बिस्किट?"

कर्टिस एकदम ताठ झाला. "हे बघ, मला लॉर्नला हरवायचंय. गेली चार वर्षं मी दुसरं स्वप्न बघितलेलं नाही. पण बिस्किट नसताना हरवलं तर त्याला काय किंमत? लोक म्हणतील, लंगड्याला मागं टाकलं. मी त्या घोड्याला मनापासून शिव्या देतो, पण सुई? छे."

"पहाटे त्याच्या गाळ्याजवळ घुटमळत होतास म्हणे."

"मी? मी गाळ्यात तोंड लपवून बसलो होतो. हे असलं डोकं घेऊन घुटमळू कुठं? बाहेर बुटांचा आवाज आला तेवढा ऐकला. सावकाश चालणारे बूट. म्हातारे."

विल्मा त्याच्या गळ्याकडे बघत होती. लाल सुती रुमाल. त्याचा वळ उठला असता तर रुंद आणि गुळगुळीत उठला असता.

"हॅट घाल बाबा. तुझं डोकं बघून पाळणा बंद पडेल," ती म्हणाली आणि परत फिरली.

पंगतीच्या टोकाशी येऊन ती उभी राहिली. समोर लांबलचक बाक आणि बाकांवर हॅट्सच हॅट्स. काळ्या, पांढऱ्या, गवती, घामानं डागळलेल्या, सगळ्या उताण्या, भाकरीच्या परड्या मांडल्यासारख्या. शिवाय पोरांच्या, बायकांच्या, त्या दोन आमदारांच्यासुद्धा. काही तरी खुपतंय असं तिला मघापासून वाटत होतं, ते काय हे आता तिच्या डोळ्यांसमोर होतं.

नॉर्मन घड्याळ बघत उठला. "विल्मा, समिती बसतेय. तुझी सिरिंज?"

"बस खाली आणि अजून एक पॅनकेक घे," विल्मा म्हणाली. "आधी सोडत होऊन जाऊ दे."

५

ती माइकवर गेली तशी व्हायोलिनं थांबली.

"लोकहो, पोटं भरली? नसतील तर चावायचं थांबवू नका, कान उघडे ठेवा म्हणजे झालं. अंतिम शर्यतीच्या जागांची सोडत! रिवाज तुम्हाला ठाऊक आहे. हॅट कुणाची?"

"मानकऱ्याची!" मैदान ओरडलं.

पत्र्याच्या मगात आकडे घातलेल्या लाकडी चकत्या खुळखुळवत विल्मा गसच्या टेबलाशी आली. चार वॅगनच्या चार चकत्या. गसनं हॅटवरचा हात काढला नाही.

"आज नॉर्मनची घे," तो हसून म्हणाला. "माझी घामानं भिजलीय."

"गेल्या वर्षीच्या मानकऱ्याच्या हॅटमध्ये तर मेलेली माशी होती. चालतं आपल्याला."

लोक हसले. गस हसला नाही. "सांगितलं ना, दुसरी घे."

विल्मानं माइक टेबलावर ठेवला. उरलेलं तिनं माइकशिवायच सांगितलं. तिच्या आवाजाला तशी माइकची गरज कधीच नव्हती.

"गस, तू पाळण्यात होतास तेव्हापासून हॅट घालतोयस. या मैदानावर तू हजार न्याहाऱ्या केल्या असशील. तुझी हॅट कधी पालथी पाहिली नाही मी. आज या अख्ख्या पंगतीत पालथी हॅट एकच आहे, आणि ती तुझी. नशीब सांडलं तरी चालेल, पण आतलं दिसता कामा नये, असं हॅटमध्ये काय असतं रे?"

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला.

"पहाटे चौघांची झडती झाली. हॅट एकीचीच उतरवली. कारण आपल्याकडे पुरुषाच्या हॅटला दुसऱ्यानं हात लावायचा नसतो. तुला हे माहीत होतं. बिस्किट तुला ओळखत नाही, म्हणून तू त्याचा ओठ आवळलास, जुन्या लोकांसारखा. डेल्फीनला ते करायची गरजच नव्हती. त्याच्या ओठावर विणलेल्या दोरीचा वळ आहे. कर्टिसच्या गळ्यात रुमाल आहे, लॉर्नच्या गळ्यात काही नाही. तुझ्या गळ्यात काय आहे ते सगळ्यांना दिसतंय. टोकं चावलेली आहेत त्याची. चावल्याशिवाय बिस्किट कसला सोडतोय!"

गसचा हात नकळत गळ्यातल्या गोफाकडे गेला. नॉर्मन पुढं आला आणि हॅटकडे हात नेऊ लागला. विल्मानं त्याचं मनगट धरलं.

"नाही. तू लावू नकोस हात. मीही लावणार नाही. त्याची हॅट आहे, तोच उताणी करेल."

गसनं समोरची पाकाची बादली बाजूला सारली. मग त्यानं दोन्ही हातांनी हॅट उचलली आणि उलटी करून ताटाशेजारी ठेवली. आतल्या चामडी पट्टीत, टोपण लावलेली, बोटाएवढी सिरिंज खोचलेली होती.

"आठ," तो म्हणाला. "माझ्याजवळ एवढंच उरलं होतं, विल्मा. बायको गेली, रान विकलं, गुडघे गेले. जत्रेत माणसं अजून उठून उभी राहतात ती त्या आठासाठी. आज लॉर्न नऊ करणार होता. मी घोड्याला इजा केली नसती. दुपारपर्यंत उठला असता."

"घोड्याचं मी एक वेळ समजून घेईन," विल्मा म्हणाली, आणि आता तिचा आवाज खरोखरच चढला. "पण ती बाई केस सोडून उभी होती, गस. तुझ्यापासून चार पावलांवर. आणि तू डोक्यावर सिरिंज घेऊन बघत राहिलास. वर मला थांबवून म्हणतोस, चुकून झालं असेल! आणि कर्टिसचं नाव घेतोस!"

गसनं मागच्या बाकाकडे पाहिलं. डेल्फीन तिथं मान वर करून बसली होती, विल्मानं सांगितलं होतं तशी. त्याला तिच्या नजरेला नजर देता आली नाही. तो उठला आणि हॅट टेबलावरच ठेवून, उघड्या डोक्यानं, पंगतीच्या मधून चालत मैदानाबाहेर गेला. त्याला कुणी अडवलं नाही आणि त्याच्यासाठी कुणी उठूनही उभं राहिलं नाही.

"सोडत राहिली," लॉर्न म्हणाला.

"डेल्फीनची हॅट आण," विल्मा म्हणाली. "आज तिच्याच हॅटमधून निघेल."

६

त्या दुपारी लॉर्न तिसरा आला. बिस्किटच्या जागी जुंपलेला घोडा पहिल्याच वळणावर गोंधळला. कर्टिस जिंकला, आणि फोटोसाठी हॅट काढायला लावल्यावर टिंबर बेंड जेवढं हसलं तेवढं गेल्या कित्येक उन्हाळ्यांत हसलं नसेल. पण त्या दिवसाची गोष्ट सांगताना लोक शर्यतीचं सांगत नाहीत. ते शर्यतीच्या थोडं आधीचं सांगतात.

डेल्फीन स्वतःच्या घोड्याचा लगाम धरून तबेल्यातून निघाली तेव्हा बाहेर वाटेच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. वॅगनवाले, नालबंद, गवत वाहणारे, तिकीटवाले. बोलवलं कुणी नव्हतं, आपणहून आली होती. ती दाराबाहेर आली आणि पहिली हॅट लॉर्ननं उतरवली. मग शेजाऱ्यानं. मग बघता बघता अख्ख्या वाटेवर हॅट्स उतरल्या, प्रार्थना नसताना, राष्ट्रगीत नसताना. कर्टिसचीसुद्धा, त्या डोक्यासकट. आणि त्या दिवशी त्या क्षणी त्याला कुणी हसलं नाही.

मनोऱ्यातून विल्मा बघत होती. तिच्यापुढे माइक चालू होता आणि आवाजच फुटत नव्हता. स्टँडमधल्या लोकांना वाटलं यंत्र बिघडलं.

वाटेच्या शेवटी, बिस्किटच्या गाळ्याच्या खिडकीला पाठ लावून, नॉर्मन उभा होता. त्यानं हॅट दोन्ही हातांत धरली होती आणि मान इतकी खाली घातली होती की हनुवटी छातीला टेकली होती.

"डेल्फीन," तो म्हणाला, "सकाळी मी जे केलं... तुझी हॅट... मी इतरांची काढायला सांगितली नाही, तुझीच... मला लाज वाटते. एवढंच."

डेल्फीन थांबली. तिनं त्याच्याकडे पाहिलं, वाटेवरच्या सगळ्या उघड्या डोक्यांकडे पाहिलं, आणि तिचे डोळे भरून आले, ते तिनं लपवले नाहीत.

"घाला रे त्या," ती म्हणाली. "ऊन आहे."

सगळ्यांनी घातल्या. नॉर्मनला मात्र घालता आली नाही. कारण तेवढ्यात त्याच्या खांद्यावरून, मागच्या खिडकीतून, एक लांब बिस्किटी तोंड बाहेर आलं आणि त्यानं हॅटचा काठ करकचून चावून तोडला.

नॉर्मनची किंकाळी मनोऱ्यापर्यंत ऐकू गेली. डेल्फीन त्या दिवशी पहिल्यांदा हसली, घोड्याच्या मानेत तोंड खुपसून हसली, आणि विल्माला तिचा आवाज परत मिळाला.

नॉर्मन अजून तीच हॅट घालतो. काठाला तोडलेला घास तसाच आहे. नवी घे म्हटलं तर ऐकत नाही.